काचेच्या टाकीला संपसाठी भोक: ड्रिल हातात घेण्याआधीचं आणि नंतरचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 4 फूट लांब, 18 इंच रुंद, 20 इंच उंच अशी 10 मिमी काचेची टाकी आहे, गावातल्याच काचवाल्याकडून करून घेतलेली. आत सिक्लिड मासे आहेत. आता खाली संप, म्हणजे पाणी गाळून परत वर पाठवणारी दुसरी टाकी, बसवायचाय, म्हणून मागच्या काचेला भोक पाडायचंय. पाइप 1 इंची टाकणार म्हणून 1 इंची डायमंड बिट मागवलाय, घरात साधं इम्पॅक्ट ड्रिल आहे, आणि दुकानदार म्हणतोय, "तडा जाणार, नाद सोडा."

तडा जाऊ शकतो, हे खरं. पण साध्या काचेला भोक पाडणं हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे आणि पहिल्यांदा करणाऱ्यालाही जमतं. काच गमावण्याची खरी कारणं बहुतेक वेळा त्याआधीच तयार झालेली असतात: चुकीच्या जातीची काच, चुकीची जागा, चुकीचं माप. तुमच्या बाबतीत माप आधीच चुकलंय. तो 1 इंची बिट परत पाठवा.

भोक पाइपच्या मापाचं नसतं, टँक कनेक्टरच्या, म्हणजे काचेतून पाइप बाहेर काढणाऱ्या आटेदार जोडाच्या, मापाचं असतं. कनेक्टरचे आटे काचेतून आरपार जातात आणि पाइप त्या आट्यांच्या आत बसतो. नुसत्या 1 इंची आट्यांचाच बाहेरचा व्यास 33 मिमीच्या वर भरतो. आतून 1 इंची पाइप चिकटवायचा असेल, तर त्या कनेक्टरचे बाहेरचे आटे 40 मिमीच्याही पुढे जाऊ शकतात. कंपनीगणिक हे माप बदलतं, म्हणून इंटरनेटवरच्या तक्त्यावर जाऊ नका. आधी कनेक्टर विकत घ्या, व्हर्निअरने आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा, त्यात 1 ते 2 मिमी वाढवा आणि त्या मापाचा बिट घ्या. समजा आटे 43 मिमी भरले, तर 45 चा बिट. कनेक्टर भोकात सैलसर जायला हवा. घट्ट जात असेल तर आटे काचेच्या कडेला रेटतात, आणि नट आवळला की तिथूनच चीर सुरू होते. उलट 5-6 मिमी मोठं भोक पाडलं तर वॉशरला बसायला काच कमी उरते.

कनेक्टर यूपीव्हीसीचाच घ्या, जाड कॉलरचा आणि सपाट रबरी वॉशरचा. हार्डवेअरच्या दुकानात सिमेंटच्या टाकीसाठीचं पितळी किंवा जीआयचं टाकी-निपल पुढे करतील, ते नको. पितळेतलं तांबं पाण्यात उतरतं, आणि कोळंबी-गोगलगायींना ते अगदी थोडंही सोसत नाही. आज तुमच्याकडे सिक्लिड आहेत, उद्या याच टाकीत दुसरं काही असेल.

आता काच. ती टफन्ड असेल तर इथेच थांबा. टफन्ड काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली असते. त्यामुळे तिचा पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा कायम ताणाखाली असतो. बिट गाभ्यापर्यंत पोचला की तो समतोल मोडतो आणि पूर्ण काच साखरेच्या खड्यांसारखी खाली येते. कितीही पाणी घाला, कितीही हळू चालवा, फरक पडत नाही. टफन्ड काचेला भोक हवं असेल तर ते टफन करण्याआधीच पाडावं लागतं. स्थानिक काचवाले टाक्या बहुधा साध्या फ्लोट काचेच्या बनवतात, तयार कंपनीच्या टाक्यांचा तळ मात्र बऱ्याचदा टफन्ड असतो. तुमची टाकी स्थानिक असली तरी खात्री करा. कोपऱ्यात छोटा कोरीव शिक्का असेल तर ती टफन्ड, प्रश्न मिटला. शिक्का नसला म्हणजे साधी काच, असं मात्र धरू नका.

घरच्या घरी तपासायचं तर लॅपटॉपचा एलसीडी स्क्रीन आणि पोलराइज्ड गॉगल एवढं पुरतं. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. गॉगल डोळ्यांसमोर धरून फिरवत राहा, एका कोनात स्क्रीन काळा होईल. तो कोन तसाच ठेवून लॅपटॉप टाकीच्या आत, मागच्या काचेला लागून ठेवा आणि बाहेरून बघा. साधी काच असेल तर काळं काळंच राहतं, कडेला थोडा उजेड दिसला तर दिसतो. टफन्ड असेल तर काळ्यावर उजळ ढग, पट्टे किंवा रांगेतले ठिपके उमटतात. लॅपटॉप तिरका करून, गॉगल पुन्हा जुळवून, दुसऱ्यांदा बघा, कारण एखाद्या कोनात टफन्ड काचही गप्प बसते.

काच साधी निघाली, तर पुढचा प्रश्न: भोक कुठे? मी तळाला भोक टाळतो. तळावर सगळ्या पाण्याचं वजन असतं, खाली स्टँडचा प्लाय आड येतो, आणि वॉशर कधी गळलाच तर टाकी पूर्ण रिकामी होते. मागच्या काचेत, वरच्या बाजूला भोक असेल तर गळती झाली तरी पाणी भोकाच्या पातळीवर येऊन थांबतं. मासे वाचतात.

एका दिशेने ओढलेल्या काचेत गोल भोकाच्या कडेला ताण सुमारे तिप्पट होतो, हे अभियांत्रिकीतलं जुनं गणित आहे. काच दाब भरपूर सोसते, ताण अजिबात नाही. म्हणून भोक काचेच्या कडेजवळ नको आणि जिथे काच सर्वांत जास्त फुगते तिथेही नको. लांब टाकीत मागची काच मधोमध, वरच्या भागात फुगते. वरून काचेच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतील तर ती फूग कमी होते, नसतील तर मधला एक फूट मी सोडूनच देतो. कडेपासूनचं अंतर ठरवायला सोपा नियम असा: भोकाची कड आणि काचेची कड यांच्यात निदान भोकाच्या व्यासाएवढी काच शिल्लक राहावी. 45 मिमीच्या भोकाला कडेपासून केंद्रापर्यंत 45 अधिक 22.5, म्हणजे 67.5 मिमी. प्रत्यक्षात 80 धरा. दोन भोकं पाडणार असाल तर केंद्रापासून केंद्र 100 मिमी ठेवा. मोजताना बाजूच्या काचेची जाडी आणि सिलिकॉनची रेघ विसरू नका. कनेक्टरची कॉलर भोकापेक्षा बरीच रुंद असते, आणि बाहेरचा नट फिरवायला तुमची बोटं तिथे जायला हवीत. कनेक्टर काचेवर धरून त्याच्या कॉलरभोवती मार्करने गोल काढा, म्हणजे काय कुठे अडतंय ते आधीच कळतं.

दोन भोकं पाडावीत असंच मी सांगेन. तुमच्या टाकीत काठोकाठ 280 लिटर मावतं, प्रत्यक्ष पाणी अडीचशेच्या आसपास. तासाला पाचपट फिरवायचं म्हटलं तर 1250 लिटर. 1 इंची उतरता पाइप ताशी 2000 लिटरपर्यंत सहसा कटकट न करता घेतो, म्हणजे एकच पाइप पुरेसा वाटतो. पण त्यात एक गोगलगाय किंवा पान अडकलं की संपमधला पंप पाणी वर ढकलतच राहतो आणि ते जमिनीवर येतं. दुसरा पाइप पहिल्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उंच ठेवा. तो एरवी कोरडा असतो आणि आणीबाणीत कामाला येतो. दोन्ही भोकं आतल्या बाजूने काचेच्या छोट्या ओव्हरफ्लो पेटीत घेतली की पाण्याची पातळी पेटीच्या कडेवर ठरते, भोकाच्या उंचीवर नाही. त्यामुळे भोक 80 मिमी खाली असलं तरी टाकी भरलेली दिसते.

संपमधून वर येणाऱ्या पाइपसाठी तिसरं भोक पाडू नका. तो काठावरून आत घ्या. मात्र त्याचं तोंड पाण्याखाली किती आहे, याचा हिशोब करा. वीज गेली की पंप थांबतो आणि तोच पाइप उलटा सायफन होऊन टाकीचं पाणी संपमध्ये ओढतो. तुमच्या टाकीचा एक सेंटिमीटर थर म्हणजे सुमारे साडेपाच लिटर. तोंड 10 सेंटिमीटर खाली असेल तर 55 लिटर खाली येणार. ओव्हरफ्लो पेटीतलं आणि पाइपातलं पाणी वेगळं. एवढी रिकामी जागा संपमध्ये कायम असायला हवी, नाहीतर लोडशेडिंगच्या दिवशी फरशी भिजते. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली त्या पाइपला 4-5 मिमीचं भोक ठेवलं की पातळी थोडी उतरताच हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते भोक शेवाळाने बुजतं, म्हणून दर आठवड्याला बोट फिरवायचं. एनआरव्हीवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हवर) भिस्त ठेवू नका. एक वाळूचा कण अडकला तरी तो पूर्ण बंद होत नाही.

आतापर्यंत ड्रिलला हात लावलेला नाही, आणि काम अर्धं झालंय.

बिट इलेक्ट्रोप्लेटेड डायमंडचा चालतो. कड सलग हवी, दातेरी नको. मध्ये पायलट ड्रिल असेल तर काढून टाका. तो टोकदार असतो, काचेत आधी घुसतो आणि तिथेच चीर पाडतो. भाल्याच्या टोकासारखा कार्बाइड बिट छोट्या भोकांसाठी असतो, तो या कामाचा नाही. ड्रिलमध्ये हॅमरचं बटण साध्या फिरण्यावर आहे ना, हे दोनदा पाहा. इम्पॅक्ट ड्रिलला भिंतीची सवय असते आणि बटण हॅमरवरच राहून जातं. वेग मिनिटाला 300 ते 500 फेऱ्यांचा हवा. ट्रिगरवर वेग बांधायची चक्री असते, ती खाली आणा. साधं ड्रिल पूर्ण वेगात तीन हजारांच्या आसपास फिरतं, त्यात बिट जळतो आणि काच तापते. बॅटरीचं ड्रिल मिळत असेल तर तेच घ्या, पाण्याजवळ ते बरं. वायरचं असेल तर ईएलसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवर लावा, पायात रबरी चप्पल, आणि वायर वरून आणा, ओल्या जमिनीवरून नको.

टाकी रिकामी करून कोरडी करा. तुमच्या टाकीची काचच सुमारे 55 किलो भरते, दोन-तीन माणसं लागतील. मागची काच वर येईल अशी ती पुढच्या काचेवर आडवी ठेवा, खाली पूर्ण आकाराचा थर्माकोल. थर्माकोल टाकण्याआधी जमिनीवरून तळहात फिरवा, एखादा खडा असेल तर दाब तिथेच एकवटतो. जिथे भोक पडणार त्याच्या बरोबर खाली, टाकीच्या आत, जाड टॉवेलची घडी ठेवा. भोकातून सुटणारी काचेची चकती 30 ग्रॅमच्या वर असते आणि ती 45 सेंटिमीटरवरून तुमच्या पुढच्या काचेवर पडणार असते. शिवाय भोकाच्या जागी आतून मास्किंग टेपचे तीन-चार थर उभे-आडवे लावा. चकती त्यात अडकते आणि आतल्या कडेचे टवकेही कमी उडतात.

बिट सुरुवातीला काचेवर घसरतो, त्याला वाट दाखवावी लागते. 12 मिमी प्लायच्या तुकड्यात लाकडाच्या होल-सॉने 45 मिमीचं भोक पाडा आणि तो तुकडा दुहेरी टेपने काचेवर चिकटवा. डायमंड बिटनेच प्लाय कापायला जाऊ नका, तो लाकूड जाळतो आणि स्वतः भरून जातो. प्लाय नसेल तर बिट तिरका धरून आधी चंद्रकोरीसारखी खाच पाडायची आणि हळूहळू सरळ करत पूर्ण गोल करायचा, पण पहिल्या भोकाला मी प्लायच सुचवेन. प्लायभोवती मुलांच्या खेळण्याच्या मातीचा किंवा प्लंबर पुट्टीचा बांध घाला, सेंटिमीटरभर पाणी भरा. मदतनीसाच्या हातात झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली द्या. त्याने पाणी कडेने आत सोडत राहायचं. डोळ्यांवर गॉगल दोघांच्याही. काम ओलं राहिलं की काचेची धूळ उडत नाही, म्हणून कोरडं ड्रिलिंग एक सेकंदही नाही.

दाब किती द्यायचा? ड्रिलचं स्वतःचं वजन पुरे. हात फक्त ते सरळ ठेवायला. शंका वाटली तर गोनिया लावून पाहा. दर वीस-तीस सेकंदांनी बिट जरा उचला, म्हणजे खाचेतला दुधासारखा गढूळ राडा बाहेर येतो आणि नवं पाणी आत जातं. घरघर सलग, एकसारखी येत असेल तर सगळं ठीक. आवाज किंचाळल्यासारखा चढला, किंवा राडा घट्ट होऊन पेस्ट झाला, तर पाणी पोचत नाहीये; थांबा. साधारण मिनिटाला एक मिलिमीटर कापलं जातं, 10 मिमीला दहा ते पंधरा मिनिटं धरा. त्याहून खूप वेळ लागला तर बिट बोथट झालाय. जोर लावू नका, बिट बदला. स्वस्त बिट जाड काचेत मोजकीच भोकं काढतात, म्हणून दोन भोकांसाठी दोन बिट जवळ ठेवलेले बरे.

खरी परीक्षा शेवटच्या दोन मिलिमीटरची. उरलेला पातळ थर बिटच्या दाबाने कापला जाण्याआधीच तुटतो आणि आतल्या कडेला शंखाच्या तुकड्यासारखे टवके उडतात. खाच खोल गेल्यावर दाब जवळजवळ शून्यावर आणा. अगदी उलट, ड्रिल थोडं हातावर तोला. कंटाळा नेमका इथेच येतो, आणि बहुतेक काचा इथेच जातात. आवाज पोकळ व्हायला लागला की आरपार जवळ आलं असं समजा.

चकती सुटली की टेप काढा, भोक धुऊन बघा. 1-2 मिमीचे टवके चालतात, वॉशरची रुंदी त्यांना झाकते. टवका वॉशरच्या बाहेर गेला असेल तर तिथून गळेल. टवका आणि चीर यांत फरक करा. टवका खड्ड्यासारखा असतो, नख अडकतं, पण तो जिथल्या तिथे संपतो. चीर ही काचेच्या आत गेलेली रेघ असते, टॉर्च तिरका धरला की चमकते. चीर केसाएवढी असली तरी ती काच बाद. सिलिकॉन, रेझिन, काहीही लावलं तरी पाण्याच्या दाबाखाली ती वाढणार, आज नाही तर सहा महिन्यांनी. काच ठीक असेल तर भोकाच्या दोन्ही कडा 220 आणि मग 400 नंबरच्या वॉटर पेपरने, ओल्या ठेवून, हलकेच मारून घ्या. चीर बहुधा कडेच्या एखाद्या तीक्ष्ण दात्यापासून निघते.

कनेक्टर बसवताना वॉशर एकच आणि तो आत, कॉलरच्या बाजूला. नटच्या बाजूला वॉशर लावला तर नट फिरताना तो चुरगळतो. वॉशरला सिलिकॉन लावू नका. ते वाळेपर्यंत वॉशर घसरतो, आणि पुढे कधी खोलायची वेळ आली तर काच फोडायची पाळी येते. काच आणि वॉशर दोन्ही कोरडे, स्वच्छ. नट हाताने घट्ट आवळा, मग पान्याने फार तर पाव फेरा. पाइपच्या आटेदार जोडांना टेफ्लॉन टेप लावा, कनेक्टरच्या त्या मोठ्या नटला नाही. आणि पाइपचं वजन कनेक्टरवर लटकू देऊ नका, खाली स्टँडला क्लॅम्प मारा. भरलेला पाइप दिवसरात्र ओढत राहिला तर काच तुटते आणि दोष भोकाला मिळतो.

चाचणी टाकी बाथरूममध्ये किंवा अंगणात, सपाट फळीवर ठेवून करा. कनेक्टरचं तोंड बंद करून पाणी भोकाच्या वर दोन इंच येईल इतकं भरा, बाहेरच्या नटभोवती कोरडा टिश्यू गुंडाळा आणि 24 तास सोडा, 48 सोडले तर आणखी चांगलं. टिश्यू ओलसर झाला तर आधी पाणी काढा, मग नट किंचित आवळा. भरलेल्या टाकीचा नट आवळायचा नाही. तरीही ओल येत असेल तर वॉशरखाली काचेचा कण किंवा टवका असणार, खोलून पाहा.

दुकानदाराच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र बरोबर आहे. तुमची टाकी जोडलेली आहे, त्यामुळे तडा गेलाच तर मागची अख्खी काच बदलावी लागेल: जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडून, नवी काच लावून, आठवडाभर वाळवून. त्या कामाचा भाव काचवाल्याला आजच विचारून ठेवा. आकडा ऐकून छातीत धस्स झालं तर जुन्या काचेवर ड्रिल न चालवता नवी मागची काच मोकळीच त्याच्याकडून भोक पाडून घ्या. टेबल-टॉप आणि बाथरूमच्या काचा करणाऱ्यांकडे दोन्ही बाजूंनी कापणारं ड्रिल मशिन असतं, त्यात टवका जवळजवळ उडत नाही. जाताना कनेक्टर सोबत न्या आणि भोकाच्या केंद्राची दोन मापं, वरून आणि डावीकडून, कागदावर लिहून द्या. कोणती बाजू बाहेर येणार आहे, तेही लिहा. नाहीतर भोकं अचूक पडतात, पण उजवी डावीकडे येतात.